बखरीबाहेरचा माणूस

रायगडावर जगदीश्वराच्या देवळापाशी एका पायरीवर एका माणसाचे नाव कोरलेले आहे. हिरोजी इटळकर हा सेवेच्या ठायी तत्पर आहे, एवढाच त्या ओळीचा आशय. गड बांधून झाल्यावर महाराजांनी ‘काय हवे ते माग’ असे म्हटले आणि या गृहस्थाने आपले नाव पायरीवर कोरण्याची परवानगी मागितली, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकेचे काय असेल ते असो. पायरी मात्र खरी आहे. महाविद्यालयात इतिहास शिकवीत होते त्या तीस वर्षांत मी पुष्कळदा मुलामुलींना ती दाखवायला घेऊन गेले. तेथे उभी राहून मी एक ठरलेला प्रश्न विचारीत असे : हिरोजीचे नाव राहिले, पण ज्यांनी हे दगड घडवले त्या पाथरवटांची नावे कोठे आहेत? मुले गप्प बसत. मग बखरींत कर्त्यांची नावे येतात, करणाऱ्यांची येत नाहीत, असे एक वाक्य मी ऐकवीत असे आणि आम्ही गड उतरू लागत असू.

ते वाक्य मला फार आवडे. माझ्या स्वतःच्या घरातच असा एक पाथरवट आहे, त्याने मला एकदा सरळ प्रश्न केला तेव्हा मला उत्तर देता आले नाही, आणि ते वाक्य त्या वेळी काडीच्याही उपयोगाचे ठरले नाही, ही हकीकत मी वर्गात कधी सांगितली नाही. ती येथे सांगते.

आमचे वडील, म्हणजे नाना, ‘मिग’मध्ये होते. नाशिककडच्या वाचकांना एवढे पुरे आहे. बाहेरच्यांसाठी सांगायचे तर ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्याला आमच्याकडे कोणी त्याच्या पूर्ण नावाने ओळखत नाही. ‘मिगमध्ये लागला’, ‘मिगची बस’, ‘मिगचा भोंगा’, असेच म्हणतात. नाना तेथे १९६६ साली लागले आणि २००३ साली साठाव्या वर्षी निवृत्त झाले. सदतीस वर्षे त्यांनी पत्र्याला भोके पाडली आणि त्या भोकांत रिवेट ठोकले. ‘रिबिट’ असे ते म्हणत, आणि आम्ही भावंडे मोठी होऊन इंग्रजी शिकलो तरी घरात तोच शब्द राहिला.

हा कारखाना निफाड तालुक्यात, कांद्याच्या आणि द्राक्षांच्या मुलखात कसा आला, ही गोष्ट थोडी मागून सांगावी लागते. हिंदुस्थानात विमाने बनवावीत हे स्वप्न धडाडीने पाहिले ते एका सोलापूरकराने. वालचंद हिराचंद १९३९ साली अमेरिकेहून परत येत असताना विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यापाऱ्याशी गाठ पडली. त्या गप्पांतून २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने बंगळूर येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ही कंपनी उभी राहिली. युद्ध पेटलेले होते. १९४२ मध्ये सरकारने तिचा कारभार आपल्या हाती घेतला आणि वालचंदांचा तिच्याशी संबंध सुटला. पुढे त्याच बंगळुरात कोल्हापूरकडचे आणि जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या आराखड्यावरून ‘एचटी-२’ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९५१ साली आकाशात गेले. तेव्हा विमानविद्येशी मराठी माणसाचा संबंध ओझरच्या आधीचा आहे. परंतु वालचंद आणि घाटगे ही नावे ग्रंथांत आहेत. मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे.

१९६२ च्या ऑगस्टात रशियाकडून मिग-२१ विमाने घेण्याचा आणि ती येथेच बनवण्याचा करार झाला. दोन महिन्यांतच चीनचे आक्रमण झाले. कृष्ण मेनन गेले आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे त्या वेळी प्रत्येक पानाच्या ठेल्यावर बोलले जाई. १९६३ साली ते लोकसभेवर निवडून गेले ते नाशिकमधूनच, आणि तेही बिनविरोध. मिगच्या कामाची तीन ठिकाणी वाटणी झाली : एंजिन ओरिसात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, आणि विमानाचा सांगाडा ओझरला. १ ऑक्टोबर १९६४ रोजी बंगळूरची जुनी कंपनी आणि मिगसाठी काढलेली नवी कंपनी एक झाल्या आणि आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स जन्मली. मुंबई-आग्रा रस्त्याच्या बाजूला जेथे कालपर्यंत बैलगाड्या जात होत्या तेथे धावपट्टी झाली.

नाना त्या वेळी तेवीस वर्षांचे होते. आजोबांची चार एकर जिरायती जमीन, वर तीन भाऊ. फिटरचा अभ्यासक्रम संपवून ते नाशकातल्या एका खाजगी कारखान्यात बसच्या बॉड्या बांधायला लागले होते. तेथलीच एक गोष्ट ते आम्हांला लहानपणी सांगत. आम्ही ती हसण्यावारी नेत असू.

एकदा दिवाळीपूर्वीच्या घाईत एका बसच्या पत्र्याला त्यांनी भोक पाडले ते तिरपे पडले. रिवेट बसला, पण माथा एका अंगाला उचलून राहिला. नानांनी त्याच्याभोवती पुट्टी भरली, घासून सपाट केली, आणि वर रंग लागला. कोणाला काही कळले नाही. दोनअडीच महिन्यांनी ती बस दुसऱ्या कामासाठी परत आली. तेथल्या उस्तादांनी पत्र्यावरून सहज अंगठा फिरवला आणि त्याच जागी ते थांबले. ते रागावले नाहीत. त्यांनी नानांना पुट्टी खरवडायला लावली, रिवेट काढायला लावला, आणि मग त्या रांगेतले सगळे रिवेट काढायला लावले. ‘एक असा असेल तर बाकीचे कशावरून नाहीत?’ असे ते म्हणाले. तीन रविवार नाना बिनपगारी ते काम करीत होते. ही गोष्ट संपली की ते आपला उजवा अंगठा आम्हांला दाखवीत, जणू सगळे शिक्षण त्या अंगठ्यातच साठवलेले होते.

ओझरला त्यांना पहिली तीनचार वर्षे शिकण्यातच गेली. सुरुवातीला रशियातून तयार भाग येत आणि येथे ते जोडले जात. मग सुटे भाग येऊ लागले, आणि शेवटी कच्च्या धातूपासून येथेच विमान होऊ लागले. तसे पहिले विमान १९७० साली हवाई दलाच्या हाती पडले. नकाशे रशियन लिपीत असत. शेतकऱ्याचा हा मुलगा ती अक्षरे ओळखायला शिकला आणि म्हातारपणीही वर्तमानपत्राच्या कडेला गंमत म्हणून आमची नावे त्या अक्षरांत लिहीत असे.

काम काय, तर दिसायला अगदी साधे. पत्रा साच्यात बसवायचा, भोक पाडायचे, त्याचे काठ साफ करायचे, रिवेट घालायचा. एकाने बाहेरून हवेच्या हातोडीने ठोकायचे आणि दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा धरायचा. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या विमानाच्या अंगावर रिवेटचा माथा उठून दिसता कामा नये. तो पत्र्याशी एकजीव व्हावा लागतो. त्यातही एक खुबी नाना सांगत. विमानाच्या मिश्रधातूचे काही रिवेट भट्टीत तापवून पाण्यात विझवले की थोडा वेळच मऊ राहतात आणि मग नुसते पडल्या पडल्या कठीण होतात. म्हणून ते थंड पेटीत ठेवायचे आणि बाहेर काढले की ठरलेल्या वेळात ठोकून मोकळे व्हायचे. वेळ गेली तर टाकून द्यायचे. मन मोडून का होईना. आई संक्रांतीला तिळाचे लाडू वळायला बसली की नाना शेजारी बसत आणि म्हणत, ‘आमचेही असेच. पाक निवला की संपले.’

दोन माणसांमध्ये पत्रा असे, त्यामुळे आतल्याला बाहेरचा दिसत नसे. खुणा ठोक्यांनी करायच्या. नानांचा जोडीदार नगरकडचा होता. बावीस वर्षे त्या दोघांनी पत्र्याच्या दोन बाजूंनी एकमेकांशी असे बोलणे केले. काम झाले की तपासनीस येई, पाही, आणि कागदावर शिक्का मारी. शिक्का बसल्याशिवाय काम पुढे सरकत नसे.

ती रीत नानांनी घरी आणली. आमच्या घरी एक लांबट हिशेबाची वही होती. तीत दुधाच्या, वाण्याच्या हिशेबाबरोबर दुसऱ्याही नोंदी असत : ताईच्या सायकलीचे ब्रेक, स्टोव्हची पिन, पुढे गॅसची नळी, माळ्याच्या शिडीची तिसरी पायरी. समोर तारीख आणि एक शब्द : ‘पाहिले.’ माझ्या प्रगतिपुस्तकावर इतर मुलींच्या वडिलांच्या सह्या असत. माझ्या प्रगतिपुस्तकावर सहीच्या वर ‘पाहिले’ असे लिहिलेले असे, आणि बाई मला त्यावरून चिडवीत. खंडेनवमीला घरातली स्टीलची पट्टी, हातोडी आणि पक्कड पाटावर मांडून त्यांना झेंडूचे फूल वाहिले जाई. त्या वेळी मीही माझे कंपासपेटीतले कर्कटक तेथे ठेवावे असा त्यांचा आग्रह असे. माझ्या लग्नात वरपक्षाची मंडळी मानपानात गुंतली असताना नाना मांडवाचे खांब हलवून पाहत हिंडत होते, हे आमच्या सासरी अजून सांगितले जाते.

माझा धाकटा भाऊ १९७४ चा. दीड वर्षाचा असताना त्याला पोलिओ झाला आणि डावा पाय लुळा पडला. त्या काळी आमच्या आळीतच अशी तीन मुले होती. आई नवस बोलली. नाना काही बोलले नाहीत. भाऊ पाच वर्षांचा झाल्यावर मुंबईहून एका ठिकाणाहून त्याच्या पायासाठी कॅलिपर करवून आणले : दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि बूट. ते घालून तो पहिल्यांदा अंगणात चालला त्या दिवशी आईने शेजारी पेढे वाटले. सहा महिन्यांनी शाळेच्या वाटेवर गुडघ्याजवळचा एक रिवेट निखळला आणि भाऊ तोंडावर पडला. हनुवटीला चार टाके पडले.

रात्री नाना दिव्याखाली ते कॅलिपर घेऊन बसले. मी नऊदहा वर्षांची असेन. त्यांनी अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, ‘हे बघ ताई, भोक तिरपे आहे.’ आई त्या करणाऱ्याला शिव्या देऊ लागली. नाना म्हणाले, ‘राहू दे. असे भोक मीही पाडले आहे.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी भद्रकालीतल्या दुकानातून तांब्याचे रिवेट आणले, हातड्रिल उसने आणले आणि ओट्यावर पाट उलटा टाकून त्या रांगेतले सगळे रिवेट, निखळलेला आणि न निखळलेले, काढून नवे बसवले. कारखान्यात अशा वस्तूंचे ढीग होते. पण तेथून एक रिवेट घरी आला नाही. त्याविषयी आम्ही विचारलेही नाही आणि त्यांनी सांगितलेही नाही.

त्यानंतर भाऊ वाढेल तसे दर सहा महिन्यांनी नाना ते कॅलिपर उघडीत, पट्टी वाढवीत, नवी भोके पाडीत, आणि वहीत लिहीत : ‘बाळाचा पाय. पाहिले.’ रात्रपाळी करून आले तरी त्याला शाळेत सोडायला ते चालत जात आणि त्याच्या मागे दोन पावले राहून त्याच्या पावलांचा आवाज ऐकत. आवाजावरून त्यांना पट्टा सैल झाला की कळे. भाऊ पुढे बँकेत लागला, संसारी झाला. पण पंचेचाळिशीपर्यंत त्याच्या कॅलिपरचे रिवेट नानांनीच बदलले. दुसऱ्या कोणाकडे द्यायला तो तयार नसे.

आता कारखान्याकडे वळते. १९७१ च्या युद्धात, १४ डिसेंबरला, मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या राजभवनावर अग्निबाण सोडले. गव्हर्नर मलिक यांची तेथे बैठक चालू होती. पुढे दोनच दिवसांत शरणागती झाली. आई सांगे, ती बातमी रेडिओवर ऐकून वसाहतीतली माणसे काळोखातच, खिडक्यांना कागद लावलेले असताना, एकमेकांच्या घरी गेली होती. त्यांतले एखादे विमान ओझरचे असेल काय, यावर रात्रभर वाद चालला. नानांचा जोडीदार पैजेवर सांगत होता की असणारच. तो अभिमान खरा होता, आणि तो त्यांना कोणी वाटून दिलेला नव्हता. त्यांनी स्वतःच घेतला होता.

एकामागून एक नमुने येत गेले. मिग-२१ चे तीन प्रकार मिळून ओझरने साडेसहाशेहून अधिक विमाने केली. मग मिग-२७ आले. मग जुन्या विमानांची डागडुजी आणि सुधारणा. आणि याच काळात वर्तमानपत्रांत दुसऱ्या बातम्या येऊ लागल्या. मिग कोसळले. वैमानिक ठार. कधी वैमानिक वाचला आणि खालच्या झोपडीतली माणसे गेली. ‘उडती शवपेटी’ हा शब्द कोणी काढला कोण जाणे, पण तो घरोघर झाला. २००६ साली ‘रंग दे बसंती’ नावाच्या चित्रपटात मिग कोसळून मेलेल्या वैमानिकाची कथा आली. माझी मुले आजोबांना मोठ्या हौसेने तो पाहायला घेऊन गेली. परत येताना नाना रिक्षात काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले आणि न जेवता ते पडून राहिले.

मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी राज्यसभेत आकडे सांगितले. घेतलेली मिग विमाने ८७२. १९७१-७२ पासून त्या एप्रिलपर्यंत अपघात ४८२. मृत्युमुखी पडलेले वैमानिक १७१, नागरिक ३९. कारणे : मानवी चुका आणि तांत्रिक दोष. ते कात्रण नानांनी कापून हिशेबाच्या वहीत ठेवले होते. मी दिवाळीला माहेरी गेले तेव्हा त्यांनी ते मला दाखवले आणि म्हणाले,

‘ताई, तू इतिहास शिकवतेस. यातले माझे किती?’

मी म्हणाले, ‘नाना, असे कसे सांगता येईल? आणि तपासनीसाचा शिक्का होता ना प्रत्येक कामावर?’

ते म्हणाले, ‘रंग तर त्या बसवरही चांगलाच लागला होता.’

तेव्हा मला ती बालपणीची गोष्ट पहिल्यांदा कळली. ती गंमत म्हणून ते सांगत नव्हते.

पुढची काही वर्षे मी मिळेल ते वाचले. माझ्या विषयाच्या शिस्तीने वाचले. मला कळले ते असे. मिग-२१ ला एकच एंजिन, पंख आखूड आणि त्रिकोणी. उतरताना वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर, आणि वैमानिकाला पुढचे धड दिसत नाही. पक्षी एंजिनात शिरला तर सावरायला दुसरे एंजिन नाही. त्यात आपल्याकडे तरुण वैमानिकांना संथ शिकाऊ विमानावरून एकदम या घोड्यावर बसवीत. मधली पायरी हवी, म्हणजे वेगवान शिकाऊ जेट हवे, असे एअर मार्शल ला फाँतेन यांच्या समितीने १९८२ साली सुचवले. त्या विमानांचा करार झाला २००४ साली आणि हॉक विमाने हवाई दलात आली २००८ साली. मधली सव्वीस वर्षे कागद फिरत राहिले आणि मुले उडत राहिली. शिवाय जी विमाने केव्हाच निवृत्त व्हायला हवी होती ती, बदली विमाने वेळेवर न आल्यामुळे, पुन्हापुन्हा दुरुस्त करून वापरली गेली.

हे सारे मी नानांना एका दुपारी समजावून सांगितले. मला वाटले, मी त्यांच्या मनावरचे ओझे उतरवीत आहे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले, दोन ठिकाणी प्रश्न विचारले, आणि म्हणाले, ‘हे सगळ्यांचे झाले. मी माझे विचारतो आहे.’

त्यांना विरंगुळा म्हणून मी आणखी एक गोष्ट सांगितली. राइट बंधूंचे १९०३ चे विमान ज्या एंजिनावर उडाले ते एंजिन त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलर या कारागिराने सहा आठवड्यांत केले होते. विमान उडाले त्या दिवशी तो तेथे नव्हताही. तो दूर डेटनला दुकान सांभाळीत होता. म्हातारपणी तो विपन्नावस्थेत धर्मादाय इस्पितळात सापडला आणि १९५६ साली वारला. मला नानांकडून एखाद्या सुस्काऱ्याची अपेक्षा होती. पण त्यांनी विचारले, ‘क्रँकशाफ्ट कसा काढला त्याने?’ मी वाचले होते ते सांगितले : शंभर पौंडांचा पोलादी ठोकळा घेतला, त्यावर आकृती आखली, आखणीच्या कडेने ओळीने भोके पाडली, छिन्नीहातोडीने नको तो भाग तोडला आणि उरलेला लेथवर उतरवला, शेवटी एकोणीस पौंडांचा क्रँकशाफ्ट राहिला. नानांचा चेहरा उजळला. ‘बरोबर. असेच करायला हवे होते,’ ते म्हणाले आणि बराच वेळ हवेत बोटाने ती भोके पाडीत बसले. त्या संध्याकाळी ते नीट जेवले.

मग मला थोडेसे कळू लागले. त्यांना माफी नको होती, आणि कीर्ती तर नकोच होती. ज्या माणसाने एका तिरप्या भोकासाठी सगळी रांग उघडली होती त्याला साडेसहाशे विमानांची रांग उघडून पाहायची होती, आणि ते शक्य नव्हते. त्यांनी ठोकलेले रिवेट रंगाखाली, ढगांत, राजस्थानच्या वाळूत आणि भंगाराच्या आवारांत विखुरले होते. कोणत्या पत्र्यावर कोणाचा हात होता हे सांगणारा कागद माझ्यासारख्या बाहेरच्या बाईला कधी दिसणार नव्हता. इतिहास पुष्कळ माणसांविषयी एकदम बोलतो. एका हाताविषयी त्याला विचारले की तो गप्प होतो. रायगडाच्या पायरीपाशी माझी मुले होत तसाच.

जानेवारी २०२२ मध्ये नाना गेले. शेवटच्या आठवड्यात घरीच प्राणवायूचे नळकांडे आणले होते. भाऊ त्याची नळी जोडू लागला तेव्हा नानांनी डोळे न उघडता हात पुढे केला. भावाने जोडाची जागा त्यांच्या अंगठ्याखाली दिली. अंगठा एकदा पुढे, एकदा मागे फिरला. मग त्यांनी हात काढून घेतला. रात्री मी ती वही काढली आणि तारीख घालून माझ्या अक्षरात ‘पाहिले’ असे लिहिले. तो शब्द मी पहिल्यांदाच लिहीत होते.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला निरोप देण्यात आला. १९६३ साली त्याच चंदीगडला ही विमाने हवाई दलात आली होती. बासष्ट वर्षे झाली. मी आणि भाऊ तो समारंभ दूरदर्शनवर पाहत होतो. विमान धावपट्टीवरून शेवटचे आले तेव्हा कॅमेरा त्याच्या पोटाजवळून गेला आणि सपाट, जवळजवळ न दिसणाऱ्या ठिपक्यांच्या रांगा क्षणभर दिसल्या. भाऊ नकळत पुढे वाकला आणि त्याने पडद्यावर अंगठा टेकवला. पुढच्याच महिन्यात, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या धावपट्टीवरून नाशिकला बनलेले पहिले तेजस उडाले. त्याच्या अंगावर आता कोणी अंगठा फिरवला असेल, तो मुलगा कोणत्या गावचा असेल, त्याच्या घरी कोण असेल, हे मला माहीत नाही. त्याला असा प्रश्न विचारायची पाळी कधी येऊ नये, एवढेच मनात आले.

नानांच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळालेले नाही. परंतु पायरीपाशी मुलांना जे वाक्य मी ऐकवीत असे ते अर्धेच होते, हे आता कळते. करणाऱ्यांची नावे बखरीत येत नाहीत हे खरे. पण ती लिहायची कोणी, हे मी मुलांना कधी विचारले नाही. म्हणून माझ्यापुरती नोंद करून ठेवते. एक फिटर. जन्म १९४३, निफाड तालुका. सदतीस वर्षे ओझरच्या कारखान्यात रिवेट ठोकले. एका मुलीला शिकवले, एका मुलाला चालवले. हयातीत एक भोक तिरपे पाडले आणि ते कधी विसरले नाहीत.

पाहिले.